होळीवरची शिडी

पुरण वाटता वाटता शकुंतलेचा हात थांबला.

स्वयंपाकघराची मागची खिडकी परसात उघडत असे. पाटा त्या खिडकीखालीच मांडलेला, त्यामुळे वरवंट्यावरून मान वर केली की समोर गोठ्याची भिंत दिसायची, आणि त्या भिंतीला टेकून सकाळपासून नगरपालिकेची शिडी उन्हात उभी होती. ती शिडी आत्ता चालायला लागली होती. पुढचं टोक चुलत दीर सयाजीच्या खांद्यावर आणि मागचं तिच्या थोरल्या दिरांच्या, रंगरावांच्या. एवढा भारदस्त माणूस, आळीचे पंच, ज्यांच्या खाकरण्यानं ओट्यावरची बडबड बंद होते; पण चपला काखेत मारून, धोतराचा सोगा कमरेला खोचून, शेणाच्या ढिगाला वळसा घालत मांजरासारखे चालले होते. सयाजीला हसू आवरत नव्हतं. रंगरावांनी मागून त्याच्या पाठीत गुद्दा घातला, आणि दोघं शिडीसकट परसाच्या दारातून बाहेर पडले.

एक हाक पुरे होती. हे पुढच्या खोलीत लेकीला, सरूला, मांडीवर घेऊन बसले होते. "अहो, शिडी!" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं.

तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

"बघू नगंस तिकडं," शेजारून विमलबाई हळूच म्हणाल्या. थोरली जाऊ कणीक तिंबत होती आणि तिचे डोळेही खिडकीबाहेरच होते. "आपुन काय बघितलं न्हाई. पुरणात गुठळी राह्यली तर सासूबाई बोलतील."

शकुंतला पुन्हा वाटायला लागली.

होळीचं लाकूड चोरूनच न्यायचं असतं, यात नवल काही नव्हतं. तळेगावात कुठल्याही आळीत विचारा, गेल्या वर्षी कुणाचं दार गेलं, कुणाच्या गाडीचं चाक गेलं, सगळे हसत सांगतील. ज्याचं गेलं त्यानं चार शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी त्याच होळीला नारळ वाहायचा. एकदा होळीवर चढलं ते माघारी मागायचं नाही, ही रीत. पण आगीच्या बंबाची शिडी? तीही बंबखान्याच्या मुख्याच्या परसातून, त्याच्याच थोरल्या भावानं?

शिडी घरी आली होती ती तेलासाठी. उन्हाळा तोंडावर आला की तिच्या दांड्यांना जवसाचं तेल पाजावं लागे, नाहीतर लाकूड तडकतं. ते काम शकुंतलेचे यजमान, अर्जुनराव, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. बंबखान्यावर चिंचेची सावली, तिथं तेल मुरत नाही; म्हणून पहाटे त्यांनी आणि बंबावरच्या गेनबानं ती वाहून आणली, एकेक दांडा चोळून काढला आणि उन्हाला लावली. संध्याकाळी परत न्यायची होती. होळीची रात्र म्हणजे बंबवाल्यांची सर्वांत लांब रात्र.

"शकू," विमलबाईंनी आवाज आणखी खाली आणला, "यांच्या मनात वाईट न्हाई हो. परवा पिंपरीला जाऊन आले. त्या औषधाच्या कारखान्यात आग विझवायची मानसं घेत्यात म्हनं. वर पत्र्याचं छप्पर, खाली फरशी, नळाला पानी. आठ तासांची शिफ्ट झाली की मानूस घरला. भावजींस्नी सांगून सांगून थकले. आता नगरपालिकेचीच शिडी गेली, तर आपसूक..."

"आपसूक नोकरी जाईल," शकुंतला म्हणाली.

"म्या न्हाई म्हनलं तसं. तूच म्हनलीस."

म्हटलं नसलं तरी मनात आलं होतं, तोंड मिटलं त्याच क्षणी. गेल्या दिवाळीत कापडवाल्याच्या माडीला आग लागली तेव्हा चार महिन्यांच्या सरूला पदराखाली धरून ती चौकात उभी होती. हे शिडीवरून धुरात शिरले, दिसेनासे झाले. मग कापडवाल्याची म्हातारी आई त्यांच्या खांद्यावरून खाली आली. गाव म्हणाला, शाबास. डाव्या हाताची कातडी सोलून निघाली होती ती पाहायला गाव नव्हता, ती होती. तेव्हापासून घरात कंदील पेटवतानासुद्धा ती ह्यांच्या हाताकडे पाही.

शिडी नसेल तर वर चढणं नाही. इतका सरळ हिशेब तिनं मनाशी मांडला, आणि पुरणात वेलची टाकली.

*

थोड्या वेळानं माजघरात पुरुषांची पंगत बसली. पुरणपोळी संध्याकाळी होळीला दाखवल्याशिवाय कुणाच्या ताटात यायची नाही, म्हणून पिठलं-भाकरीच होती. मधोमध तात्याबा, शकुंतलेचे चुलत सासरे आणि सयाजीचे वडील. घरात आता पुरुषांत तेच वडीलधारे. एका बाजूला रंगराव, दुसऱ्या बाजूला सयाजी आणि अर्जुनराव. सासूबाई, छबूबाई, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या. वाढायला शकुंतला. थोरल्या दिरांपुढे जाताना ती पदर डोक्यावरून पुढे ओढी आणि बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी तिचं एक वाक्य समोरासमोर झालेलं नव्हतं. काही सांगायचं तर विमलबाईंच्या तोंडून. पुण्यात कॉलेजात बी.ए.ला असताना वादविवादात भाग घेतलेल्या मुलीला पहिले काही दिवस याचं हसू यायचं. पुढे सवय झाली.

"गाव फिरून आलास म्हनं सगळा," तात्याबांनी विचारलं.

"आलो, तात्या. पेठेतली होळी मागं सरकवून घेतली. कडब्याच्या वखारीला चिकटूनच रचली होती."

"आन त्यांनी सरकवली?"

"कुरकुरले. गेनबानं दोन गोवऱ्या उचलल्या, मी दोन उचलल्या, मग त्यांना लाज वाटली. सगळ्यांनी मिळून हलवली."

"आता आमच्या होळीवर काय हुकूम, बंबसाहेब?" सयाजी म्हणाला. "विस्तव टाकायचा, का लांबूनच हात जोडायचे?"

"जागा चांगली आहे तुमची. तीन बाजू मोकळ्या. फक्त उंची बघायला यायचंय मला."

सयाजीला ठसका लागला. भाकरीचा तुकडा घशात अडकला की हसू, कळेना. रंगरावांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे आदळला.

"उंची बेतशीर हाय," ते म्हणाले. "तुला कशापायी यायला पायजे? घरात लेकीची पैली होळी. जरा बस की घरात मानसासारखा."

"बसलोय ना दादा. दिवसभर नाही, पण बसलोय. विस्तव पडला, सरूला फेरी घातली, की मला बंबाशी जायचंय."

"त्येच तर!" रंगरावांनी संधी पकडली. "तू साहेब. साहेबानं खाली हुबं ऱ्हाऊन हुकूम सोडायचा. वर चढायला मानसं हायेत न्हवं?"

"आहेत. पण गेनबाला वर जा म्हणायचं तर वरचा जिना शाबूत आहे की जळून गेलाय, हे आधी मला माहीत हवं. न बघता कसं पाठवू? त्याच्याही घरी पोरंबाळं आहेत."

"आन तुज्या घरी कोन हाय? वासरू?"

शकुंतला पिठल्याचं भांडं घेऊन दारातच थबकली.

अर्जुनराव हसले. "आग लागल्यावरचं काम थोडंच असतं, दादा. खरं काम आधीचं. फाल्गुनात कुठल्या विहिरीला पाणी टिकतं, कुठल्या बोळात बंब वळत नाही, कुठल्या माडीवर कोण अंथरुणाला खिळलंय. हे माझ्या डोक्यात नसलं तर बंब असून नसल्यासारखा. ते सगळं पाठ असलं की वर चढायची पाळी क्वचित येते."

"दिवाळीला आली हुती क्वचित," रंगराव म्हणाले. "पिंपरीला चल म्हनतोय मी. तिथं असलं काय न्हाई."

"तिथं आग लागत नाही?"

"न्हाई लागत. सायेब लोकांचा कारखाना हाय."

यावर तात्याबासुद्धा हसले. चुलीपुढून छबूबाई म्हणाल्या, "जेवा आता गप. भाकरी निवत्यात." वाढताना शकुंतलेनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे तिच्याकडे पाहत नव्हते. खिडकीकडे पाहत होते. बसल्या जागेवरून गोठ्याची भिंत दिसत नव्हती; ऊन कुठवर आलंय ते बघत असावेत. ती मात्र लगबगीनं आत वळली.

*

उन्हं कलल्यावर अर्जुनराव परसात गेले ते बराच वेळ परत आले नाहीत. सरूला कडेवर घेऊन शकुंतला दाराशी आली. हे गोठ्याच्या भिंतीपाशी उभे होते. शिडीचे दोन पाय जिथे टेकले होते तिथे जमिनीत दोन खळगे, आणि भिंतीवर तेलाच्या दोन काळसर रेघा.

"कुणी हलवली का गं शिडी?" त्यांनी विचारलं.

तिच्या आधी सरूनंच काहीतरी बोबडं उत्तर दिलं, आणि तेवढ्यात आळीच्या टोकाकडून मोठा हशा आला. अर्जुनराव आवाजाच्या दिशेनं चालू लागले. मागून घरातले सगळेच निघाले.

मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत आळीची होळी उभी होती. खड्ड्यात मधोमध, दरवर्षी लाकडाचा खांब पुरत तिथे, शिडी पुरलेली. तिच्या वरच्या टोकाला एरंडाचा हिरवा डहाळा बांधलेला, त्याखाली भिंतीला अडकवायचे दोन लोखंडी आकडे, कानांत बाळ्या घातल्यासारखे. खाली कमरेच्याही वर गोवऱ्या, लाकडं आणि बाभळीच्या फांद्या गच्च रचलेल्या. खालच्या आळीतली माणसं बघायला आली होती. एवढी उंच होळी गावात कुणी पाहिली नव्हती.

"कशी हाय उंची, साहेब?" सयाजी ओरडला. "बघायला येनार हुतास न्हवं?"

लोक हसले. अर्जुनरावही हसतील असं क्षणभर वाटलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. पण त्यांनी होळीभोवती एक फेरी घातली, शिडीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तात्याबांपुढे येऊन उभे राहिले.

"तात्या, गंमत झाली. आता ती काढून द्या."

तात्याबांनी पागोटं सारखं केलं. "पोरा, चढलं ते उतरवत न्हाईत. माज्या बापाचं नवं कोरं जोखड गेलं हुतं ह्याच जागी. त्यानं हूं का चूं केलं न्हाई."

"जोखड आजोबांचं होतं. शिडी माझी नाही, गावाची आहे."

"व्हय. आन होळी कुनाची हाय? तीबी गावाचीच."

सयाजी पुढे सरसावला. "काढायची तर काढ की. हुकूम सोड. बंब आन, घंटा वाजव, आन मोड होळी!"

"सकाळभर मी दुसऱ्यांच्या आळीत होळ्या सरकवत फिरलो," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "लोकांनी ऐकलं, कारण मी कुणाची मोडली नाही. माझी चूक झाली, शिडी उघड्यावर ठेवली, ती झाकायला तुमची होळी मोडू? नाही मोडणार. तुम्ही आपणहून दिली तर घेऊन जाईन."

सगळे रंगरावांकडे बघायला लागले. मान त्यांचा, शब्द त्यांचा. रंगराव एरंडाच्या डहाळ्याकडे पाहत होते.

"होळीवर चढलीय," ते म्हणाले. "खालच्या आळीदेखत उतरवायची म्हंजे आमी कुठं तोंड दाखवायचं? नगरपालिकेनं काय म्हनायचं ते म्हनू दे. पिंपरी कुठं पळून चालली न्हाई."

"बरं," अर्जुनराव म्हणाले आणि घराकडे वळले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं शकुंतलेला वाटलं. भांडण झालं की कुणीतरी चूक, कुणीतरी बरोबर ठरतं. ह्यांच्या त्या एका 'बरं'नं सगळं जिथल्या तिथं राहिलं होतं.

*

आतल्या खोलीत अर्जुनराव फडताळातून काथ्याचा जाड दोर काढत होते. शकुंतलेनं सरूला बाजेवर ठेवलं. नवं झबलं, गळ्यात साखरेच्या गाठीची माळ. मुलगी गाठी चोखत पडली.

"दोर कशाला?"

"शिडी नाही ना."

"म्हणजे?"

"आकडा बांधून वाशाला अडकवायचा. शिड्या आल्या त्याच्या आधी लोक असंच चढत होते." ते जमिनीवर बसून गाठ मारू लागले. डाव्या हाताची नवी गुलाबी कातडी ताणली की दुखायची. मधूनमधून ते हात झटकत.

"आणि वासा जळलेला असला तर?"

त्यांनी गाठ ओढून पाहिली. पक्की होती. पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"अहो, वासा जळलेला असला तर?"

"तर बघू."

"पण शिडीच नाही म्हटल्यावर तुम्ही चढायचं कशाला? नगरपालिकेला सांगता येईल की, साधन नव्हतं. कुणी बोल लावणार नाही."

"माडीवर कुणी ओरडत असेल त्याला काय सांगू, साधन नव्हतं?" ते रागावले नव्हते. सरूला समजावतानाचाच तो आवाज होता. "वर कसंही जाता येतं गं. खांबावरून, पन्हाळीवरून, दोरावरून. माणूस जातोच. खाली येताना खांद्यावर कुणीतरी असतं, हात मोकळे नसतात, डोळ्यांत धूर असतो. तेव्हा पाय टेकायला दांडा लागतो. शिडी त्याच्यासाठी."

ती बाजेच्या कडेवर बसली. दुपारी पाट्यापाशी मांडलेला तो सरळ हिशेब उलटा झाला होता. शिडी गेल्यानं हे खाली थांबणार नव्हते. शिडी गेल्यानं हे वर थांबणार होते.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"रात्री सांग. गेनबाला निरोप द्यायचाय. विस्तव निघाला की हाक मार, फेरीला आहेच मी."

दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून ते ओट्यावर जाऊन बसले.

*

आळीच्या होळीला विस्तव जायचा तो याच घरच्या चुलीतला. आणि घरात ज्या सुनेच्या मांडीवर पहिलं मूल असेल, तिनं तो न्यायचा. तसं कुणी नसलं तर थोरल्या सुनेनं. विमलबाईंनी कितीतरी वर्षं नेला होता. या वर्षी शकुंतलेची पाळी. मुलगीच आहे, मग कशाला, असं एका भावकीतल्या बाईनं म्हणून पाहिलं होतं, पण छबूबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय तिथंच संपला.

दिवेलागण झाली. छबूबाईंनी चुलीतले रसरशीत निखारे चिमट्यानं उचलून मातीच्या खापरात ठेवले, वर राखेची पातळ चादर पसरली आणि खापर सुनेच्या हातात दिलं. खाली ओली चुंबळ होती तरी ऊब तळव्यांना लागत होती.

"जपून ने," त्या म्हणाल्या. "रस्त्यात बोलू नगंस कुनाशी. थेट होळीपाशी."

आणि उरलेल्या चुलीवर त्यांनी पाण्याचा तांब्या ओतला. चूल फुसफुसली, स्वयंपाकघर वाफेनं भरलं. विस्तव घराबाहेर पडला की चूल विझवायची आणि होळीच्या निखाऱ्यानं पुन्हा पेटवायची, हीही रीतच होती.

पुढे हलगी, मागे पोळ्यांची ताटं घेतलेल्या बायका, विमलबाईंच्या कडेवर सरू. पूर्वेला चंद्र घरांच्या कौलांवर आला होता. पेठेकडून धूर दिसू लागला. तिथली होळी पेटली होती. मारुतीपुढे दोन्ही आळ्या जमल्या होत्या. गर्दीच्या कडेला अर्जुनराव उभे होते, खांद्यावर दोर.

शकुंतला होळीपाशी आली. रंगराव हातात गवताची पेंढी घेऊन उभे होते. तिनं खापर पुढे करायचं, त्यांनी पेंढी पेटवायची आणि खाली लावायची. एवढंच.

तिनं खापर पुढे केलं नाही.

"दे गं," विमलबाई मागून पुटपुटल्या.

शकुंतला देवळाच्या पायरीवर बसली आणि खापर तिनं आपल्या पुढ्यात ठेवलं. हलगी अडखळली, बंद पडली.

"काय झालं? चक्कर आली का तिला?" रंगरावांनी बायकोला विचारलं. "इचार तिला."

"चक्कर नाही आली, भावजी," शकुंतला म्हणाली.

आळीत कुणीतरी श्वास आत ओढला. तिचा पदर डोक्यावर होता, मान खाली होती, पण शब्द सरळ रंगरावांना उद्देशून होते. "आधी शिडी काढा. मग विस्तव घ्या."

"आगं..." सयाजी हसायला गेला, पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

तात्याबा काठी टेकत पुढे आले. "सूनबाई, शिकलेली हायस तू. रीत मोडू ने. चढलं ते उतरवत न्हाईत."

"मला रीत मोडायची नाही, मामंजी. विस्तव माझ्या हातानं जायचा हीसुद्धा रीतच आहे. शिडी होळीत असताना माझ्या हातानं तो जाणार नाही."

राखेखालचे निखारे काळे पडू लागले होते. हे तिला दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं. सयाजी म्हणाला, "मग दुसरा आना की चुलीतला."

"चूल इझवली म्या," गर्दीतून छबूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता की लोभ नव्हता. वरणात मीठ घातलंय म्हणून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "आन रंगू, तुज्या भावानं सकाळच्या पारी तेल चोळलंय त्या शिडीला. भाजलेल्या हातानं. म्या बघितलंय."

रंगरावांच्या हातातली पेंढी खाली आली. ते बोलले ते बायकोशी नाही, आईशी नाही. पायरीवर बसलेल्या धाकट्या भावजयीशी, तिच्या पदराकडे पाहत.

"म्या काय दावा मांडला हुता का त्याच्यावर? दिवाळीला म्याबी चौकात हुतो. तो धुरात गेला तवा म्या डोळं मिटून घेतलं. मला वाटलं, शिडी गेली म्हंजे चढायचा न्हाई. झालं. एवढंच."

"मलाही तसंच वाटलं होतं, भावजी," शकुंतला म्हणाली. आता तिनं मान वर केली. "त्यांच्या खांद्यावर बघा काय आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अर्जुनराव दोर मागे सारायला गेले, पण उशीर झाला होता. रंगरावांनी दोर पाहिला, त्याच्या टोकाचा आकडा पाहिला. मग त्यांनी पेंढी तात्याबांच्या हातात दिली, धोतराचा सोगा दुपारसारखाच कमरेला खोचला आणि होळीत हात घालून पहिली गोवरी काढली.

दुसरी विमलबाईंनी काढली, सरूला सासूच्या कडेवर देऊन. मग सयाजी आला. खालच्या आळीचे दोघे बघत उभे होते, तेही वाकले. तात्याबा फक्त, "एरंड पडू देऊ नगा, तो खड्ड्यात परत लावा," एवढं म्हणाले, आणि रीतीचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

शिडी आडवी झाली. अर्जुनराव तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक दांडा त्यांनी हातानं दाबून पाहिला. एका ठिकाणी बाभळीचा काटा रुतला होता, तो उपटला.

तेवढ्या वेळात होळी पुन्हा रचून झाली. बुटकी झाली, थोडी एका बाजूला कललेली. शकुंतलेनं खापर उचललं, राख बाजूला सारून फुंकर घातली. पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. दुसऱ्या फुंकरीला एका कोपऱ्यात लाली आली. रंगरावांनी पेंढी पुढे धरली, स्वतः वाकून तिच्याबरोबर फुंकर घातली, आणि गवत पेटलं.

आळीनं बोंब ठोकली. हलगी कडाडली. सरू आवाजानं दचकली, रडू की नको असा विचार करत बापाकडे पाहू लागली. त्यांनी तिला घेऊन ज्वाळांभोवती फेरी घातली, धगीपासून एवढ्या लांबून की बायका हसल्या.

"बंबवाल्याची लेक," कुणीतरी म्हणालं. "तिला होळी गावाच्या येशीवरनंच दाखव."

फेरी झाल्यावर त्यांनी मुलगी शकुंतलेच्या हातात दिली. शिडीचं पुढचं टोक त्यांनी उचललं. मागचं उचलायला सयाजी वाकला होता, पण रंगरावांनी त्याला बाजूला केलं आणि ते आपल्या खांद्यावर घेतलं.

"बंबखान्यापतुर येतो," ते म्हणाले. "पिंपरीचं मातुर मी सोडलेलं न्हाई, सांगून ठेवतो."

"सोडू नका," अर्जुनराव म्हणाले. दोराचं वेटोळं त्यांनी खांद्यावरून काढलं आणि शकुंतलेपुढे धरलं. "हा ठेव फडताळात."

तिनं घेतला. तेव्हाच सांगून टाकावं म्हणून ती म्हणाली, "अहो, दुपारी मी..."

"पाटा खिडकीखाली असतो," ते म्हणाले. "मला माहीत आहे." आणि शिडी खांद्यावर नीट करून घेत, निघता निघता: "उद्या पुन्हा तेल लावायला आणतो. तिथंच ठेवीन, गोठ्याच्या भिंतीला. लक्ष ठेव."

शिडी चौकाकडे निघाली. पुढे धाकटा, मागे थोरला, त्यांची पावलं एकमेकांशी जुळत नव्हती म्हणून ती मध्ये हेलकावत होती. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत शकुंतला बघत राहिली. मग होळीतला एक निखारा तिनं खापरात घेतला आणि चूल पेटवायला घराकडे चालू लागली.